बारा खड्डे

कोकणात आमची बाग आहे, असं मी इंग्लंडात पहिल्यांदा कधी म्हणालो ते आठवत नाही. कुठल्या तरी ख्रिसमस पार्टीत असेल. बाग होती माझ्या थोरल्या काकांची, दापोलीच्या पुढे. मी वाढलो पुण्यातल्या दोन खोल्यांत. मे महिन्यात आम्ही भावंडं एसटीनं जायचो, पंधरा दिवस आंबे खायचो आणि ओठांवर चिकाचे फोड घेऊन परत यायचो. झाडाला पाणी घालायचं सोडाच, पडलेली कैरी उचलायलाही काकूनं आम्हाला कधी सांगितलं नाही. पण "वुई हॅव अ मँगो ऑर्चर्ड" असं म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे उमटायचं ते मला आवडायचं. पुण्यातल्या दोन खोल्या सांगून तसं काही उमटत नसे.

बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मी भूल देणारा डॉक्टर होतो. घरापासून दहा मिनिटांवर, रेल्वेच्या रुळांलगत अलॉटमेंट्स होत्या, म्हणजे लोकांना भाजीपाला लावायला दिलेले कौन्सिलच्या जमिनीचे पट्टे. मुलगी युनिव्हर्सिटीला गेली, घर ओकंबोकं झालं, तेव्हा आम्ही वेटिंग लिस्टवर नाव घातलं आणि दोनेक वर्षांनी एक पट्टा मिळाला. बायको तिथे मेथी, कोथिंबीर, बटाटे लावायची. मी फावड्याला टेकून लोकांशी बोलायचो.

शेजारच्या पट्ट्यावर सत्तरी ओलांडलेले एक इंग्रज गृहस्थ होते. मोटारींच्या कारखान्यात जन्म काढलेला, युनियनचे जुने कार्यकर्ते, बायको वारलेली. मी त्यांना इथे शेजारीच म्हणतो. त्यांच्याकडे एक जुनी व्हॅन होती आणि त्यांच्या पुतणीचा घोड्यांचा तबेला होता. ऑक्टोबर आला की ते व्हॅन भरभरून लीद आणायचे आणि फाटकाशी तिचा ढीग घालायचे. ज्याला हवी त्यानं न्यावी. कुणी हातगाडी घेऊन आलं की, "खालून घे, खालची मुरलेली आहे," एवढंच म्हणायचे. पण त्या ढिगामुळे अख्ख्या अलॉटमेंटवर त्यांना मान होता. फाटकातून आत येणारा प्रत्येक जण आधी त्यांना हात करायचा.

खालच्या कोपऱ्यातला एक पट्टा कुणी घेत नव्हतं. ओढ्याच्या बाजूला उतार, हिवाळ्यात बूट रुतायचे. २००६ साली कमिटीनं ठरवलं की तिथे सगळ्यांची मिळून फळबाग करायची. सफरचंद, पेअर, प्लम मिळून बारा झाडं. सेक्रेटरी म्हणजे एक निवृत्त शिक्षिका होत्या. मीटिंगमध्ये त्या माझ्याकडे वळल्या. "डॉक्टर, तुमच्या घरात तर हेच काम चालत आलंय. तुम्ही पुढाकार घ्याल?"

एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. लोक हसले असते, मीही हसलो असतो, संपलं असतं. मी म्हणालो, "चार पिढ्या." चार हा आकडा कुठून आला कोण जाणे.

बायको आणि मी एकाच मेडिकल कॉलेजातले, त्यामुळे आमच्यात पहिल्यापासून अरे-तुरे. घरी गेल्यावर ती म्हणाली, "चार पिढ्या? अरे, तुझ्या वडिलांनी गॅलरीत तुळस लावली होती, ती पण जळाली."

"काकांची बाग आहे ना."

"काकांची आहे. तू पेटी फोडणाऱ्यांतला."

काकांकडे कलमं लावायची तयारी मी एकदाच पाहिली होती, नववीत असताना. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल असे खड्डे. उन्हात तापवलेले. तळाला पालापाचोळा, त्यावर शेणखत, त्यावर माती. फळझाडांबद्दल माझ्याजवळ एवढं एकच ज्ञान होतं, पण ते लख्ख होतं. तिथली जमीन जांभ्याची, घागरभर पाणी ओतलं तरी क्षणात गडप होणारी. हे मला तेव्हा माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. माहीत होतं. इथे त्याचा संबंध लावावा, असं वाटलं नाही.

झाडं नोव्हेंबरात आली. पानं नाहीत, माती नाही, गोणपाटात मुळं गुंडाळलेल्या काठ्यांची एक मोळी. त्याआधीचे दोन शनिवार-रविवार मी लोकांकडून खड्डे खणून घेतले होते. एक फूट खाली गेलं की राखाडी चिकणमाती लागायची. फावड्याला साबणाच्या वडीसारखी चिकटून यायची आणि कापलेली बाजू चकाकायची. शेजारी काठावर उभे राहून बघत होते.

"डॉक, हे फार खोल झालं."

"मुळांना मोकळी जागा लागते."

"मुळांना नाही, पाण्याला मिळेल ती जागा. ही चिकणमाती आहे. तू खड्डा नाही, बादली करतोयस. वरची जमीन नुसती खरवड, त्यावर मातीचा उंचवटा कर आणि उंचवट्यावर लाव. माझा बाप तसंच लावायचा."

"तुमचे वडील माळी होते का?" मी विचारलं. सहज विचारलं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. खवचटपणेच विचारलं होतं.

"नाही. साखळ्यांच्या कारखान्यात होता."

बाजूचे दोघं-तिघं हसले. शेजारीही जरासे हसले, टोपी मागे सरकवली आणि म्हणाले, "बरं. लीद किती गाड्या हवी तुला?" आणि बारा खड्ड्यांना पुरेल एवढी लीद त्यांनी स्वतः ढकलत आणून दिली. एकही गाडी दुसऱ्या कुणाला ढकलू दिली नाही.

त्या दिवशी मी आणखी एक केलं. आमच्या घरी देवापुढे दिवा लावते ती बायको. मी संकष्टीला हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये फिश अँड चिप्स खाणारा माणूस. पण लागवडीच्या सकाळी मी हळद-कुंकू आणि नारळ घेऊन गेलो. पहिल्या सफरचंदाला हळद-कुंकू वाहिलं आणि फावड्याच्या पात्यावर नारळ फोडला. वीस-पंचवीस माणसं गप्प उभी होती. सेक्रेटरी बाईंचे डोळे पाणावले. फुकट वाटल्या जाणाऱ्या एका पेपरचा फोटोग्राफर आला होता, त्याला नीट मिळालं नाही म्हणून मी नारळाचं एक भकल पुन्हा पात्यावर आपटलं. बायकोनं माझ्याकडे न बघता खोबऱ्याचे तुकडे केले आणि वाटले. फोटोखाली छापून आलं, "भारतातल्या आंबा बागायतदारांच्या घराण्यातले डॉक्टर." ते कात्रण आमच्या कॉफी रूममध्ये कुणी लावलं, असं सहकारी विचारायचे. मीच लावलं होतं.

पहिल्या वसंतात बाराही झाडांना पानं आली. उन्हाळ्यात पाऊस थांबेचना. कुठे कुठे पूर आले, गाड्या बंद पडल्या. हिवाळाही तसाच ओला गेला. दुसऱ्या वसंतात पाच झाडं फुटलीच नाहीत. बाकीच्यांची पानं लहान आणि पिवळी आली, आणि जून सरता सरता नऊ झाडं मेली होती. उरलेली तीन अगदी वरच्या कडेची, उतार सुरू होण्याआधीची.

एका रविवारी सकाळी, कुणी यायच्या आत, मी एकटा गेलो आणि मधल्या एका झाडाच्या बाजूनं खणलं. दीड फुटावर पाणी लागलं. काळं, दाट, तुंबलेल्या गटारासारखा वास. खाली हात घातला तर मुळाची साल हातमोजा निघावा तशी माझ्या बोटांत निघून आली. घातलेली लीद तशीच होती, जराही कुजली नव्हती, नुसती भिजून बसली होती. आत हवाच नव्हती. श्वास हा माझ्या पोटापाण्याचा विषय. ऑक्सिजन न मिळालेली ऊती कशी दिसते ते मला कुणी सांगायला नको होतं. ती नऊ झाडं मी बुडवून मारली होती, आणि बुडतील असं मला तोंडावर सांगितलेलं होतं.

मी माती परत लोटली, पायानं दाबली, वरून गवताचे तुकडे टाकले. फावडं टाकीवर धुतलं. घरी जाऊन पोहे खाल्ले.

आमच्या हॉस्पिटलात काही चुकलं तर त्याच दिवशी एका फॉर्मवर लिहून द्यायचं असतं. कुणावर ठपका ठेवायला नाही, पुन्हा होऊ नये म्हणून. ज्युनिअर डॉक्टरांना तो फॉर्म कसा भरायचा हे मी शिकवायचो. मी त्यांना सांगायचो, लपवलेली चूक वाया जाते. त्या आठवड्यातही मी हे लेक्चर दिलं. चांगलं झालं.

त्याच उन्हाळ्यात देशभर अलॉटमेंटवाल्यांत एक बातमी पसरली होती. कुरणांवर मारलेलं एक तणनाशक गवतातून जनावरांच्या पोटात जातं, शेणा-लिदीतून खतात येतं आणि भाज्यांची वाट लावतं. ठिकठिकाणी लोकांचे टोमॅटो, बटाटे वेडेवाकडे झाले होते. जुलैच्या मीटिंगमध्ये फळबागेचा विषय आला. झोपडीवजा खोलीत तीसेक माणसं, चहाचे मग. मला विचारलं, "डॉक्टर, काय झालं असेल?"

मी म्हणालो, "मी कुणाला दोष देत नाही. पण बाराही खड्ड्यांत एकच खत होतं."

हे वाक्य मी आदल्या दिवशी गाडी चालवताना तयार केलं होतं. त्यात एकही शब्द खोटा नाही, म्हणून ते मला फार आवडलं होतं.

सगळ्यांच्या माना शेजाऱ्यांकडे वळल्या. ते मागच्या बाकावर होते. म्हणाले, "तीच लीद मी माझ्या बटाट्यांना घातलीय. बटाटे बरे आहेत. कुणीही येऊन बघा."

मी म्हणालो, "फळझाडांची मुळं जास्त नाजूक असतात."

हे मात्र खोटं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की त्या औषधानं सगळ्यात आधी वाकडे होतात ते बटाटे. म्हणजे शेजाऱ्यांनी मांडलेला पुरावा पक्का होता आणि चार पिढ्यांच्या माणसानं तो उडवून लावला होता. शेजारी माझ्याकडे बघत राहिले. खड्ड्यांबद्दल ते आता बोलतील, असं मी धरून चाललो होतो. ते बोलले नाहीत. मगातला उरलेला चहा त्यांनी दारातून बाहेर टाकला आणि मग विसळून ठेवून ते गेले.

ऑक्टोबरात त्यांनी नेहमीसारखा ढीग घातला. कुणीच नेला नाही. पंधरा दिवसांनी कुणी तरी ढिगात एक फळी रोवली, "आपापल्या जबाबदारीवर न्यावे." अक्षर ओळखीचं होतं, पण ते कुणाचं हे सांगून काय होणार? पुढे ढिगावर गवत उगवलं. लोक फाटकातून आत येताना शेजाऱ्यांना हात करायचे, पण थांबायचे नाहीत. एका शनिवारी बायको हातगाडी घेऊन गेली आणि भरभरून चार खेपा करून लीद आमच्या पट्ट्यावर घेऊन आली. ती विचारील म्हणून मी वाट बघत होतो, आणि ती मी सांगेन म्हणून.

जानेवारीत शेजाऱ्यांनी पट्टा सोडला. गुडघे दुखतात, असं पत्रात लिहिलं होतं.

फेब्रुवारीत फळबागेची दुसऱ्यांदा लागवड झाली. पुन्हा मीच पुढे. या वेळी खड्डे नाहीत. जमीन खरवडली, त्यावर मातीचे उंचवटे केले आणि उंचवट्यांवर नऊ झाडं लावली. कुणी तरी विचारलं, हे कुठून शिकलात? मी म्हणालो, "अलीकडे वाचनात आलं." ती झाडं जगली. सुरेख जगली. पहिली सफरचंदं आली तेव्हा सेक्रेटरी बाईंनी केक केला आणि माझ्या नावानं टाळ्या वाजवल्या. ते सगळं लिहिताना आजही माझी मान वर होत नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या लिस्टवर शेजाऱ्यांचं नाव आलं. हर्नियाचं ऑपरेशन. भूल देण्याआधी पेशंटला भेटावं लागतं. पडदा सरकवून आत गेलो तर ते हॉस्पिटलचा गाऊन घालून बसले होते, पायांत स्वतःचे लोकरीचे मोजे.

"अरे डॉक. तू झोपवणार होय मला?"

"तुम्हाला दुसरं कुणी हवं असेल तर मी बदलून देतो," मी म्हणालो.

"कशाला? तुझं काम तुला येतं." मग जरा थांबून, "बसमधून दिसतात तुझी झाडं. उंचवट्यावर लावलीस."

"हो."

"बरं केलंस."

मी दाताची कवळी आहे का विचारलं, औषधांची अ‍ॅलर्जी विचारली, कागदावर खुणा केल्या. पेशंटला ऑपरेशनच्या आधी आपल्या मनातलं सांगून त्रास देऊ नये, असा नियम मी तिथल्या तिथे काढला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेलो. ते टोस्ट खात होते. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. खणलेलं झाड, पाणी, मीटिंगमधलं तयार केलेलं वाक्य. बागही माझी नाही, हेही. त्यांनी ऐकत ऐकत टोस्ट संपवला.

"मला कशाला सांगतोस? मला माहीत होतं. पहिलं झाड मेलं तेव्हा मीही फावडं घालून बघितलं होतं."

"मग तेव्हा का बोलला नाहीत?"

"मी बोललो असतो तर लीदवाला स्वतःला वाचवतोय म्हणाले असते. ते तू बोलायचं होतंस." हात पुसत ते म्हणाले, "त्यांना सांग. आणि मिनिट्समध्ये, सभेच्या इतिवृत्तात, लिहून घे. तीस वर्षं युनियनच्या मीटिंगा केल्यात मी. मिनिट्समध्ये नाही ते कुणी बोललंच नाही असं होतं. लिहून आलं की एक कॉपी मला आणून दे."

मी शब्द दिला.

मार्चच्या मीटिंगमध्ये आयत्या वेळच्या विषयांत मी उभा राहिलो. कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलं. मी सांगितलं की झाडं खतानं मेली नाहीत, माझ्या खड्ड्यांमुळे मेली. मला ते तेव्हाच कळलं होतं. मला आधी सावध केलं गेलं होतं, आणि ज्यांनी सावध केलं त्यांच्यावरच मी ते ढकललं. मग खाली बसलो.

कुणी तरी खुर्ची सरकवली. सेक्रेटरी बाई म्हणाल्या, "थँक यू, डॉक्टर. तुम्ही फारच मनाला लावून घेता."

दुसरा एक जण म्हणाला, "पण आपण त्यांना कधी दोष दिलाच नव्हता. दिला होता का?"

"छे," दोन-तीन आवाज आले. "त्यांचे गुडघे दुखत होते."

मी म्हणालो, "हे मिनिट्समध्ये यावं अशी माझी विनंती आहे."

"नक्की," सेक्रेटरी बाई म्हणाल्या, आणि पाण्याच्या टाकीच्या गळतीकडे वळल्या.

महिन्याभरानं मिनिट्स पोस्टानं आले. फळबागेखाली एकच ओळ होती. "जमिनीच्या निचऱ्याबाबत चर्चा झाली." मी कागद पुढे-मागे उलटून पाहिला. बायकोनं चष्मा लावून वाचला आणि माझ्यासमोर परत ठेवला.

"पुढच्या मीटिंगला दुरुस्त करून घे," ती म्हणाली. "विचारतात ना, मागचे मिनिट्स बरोबर आहेत का म्हणून."

"घेतो."

जूनमध्ये पुढची मीटिंग झाली. दारं उघडी होती, बाहेर स्ट्रॉबेरीच्या पाट्या मांडल्या होत्या, सगळे छान मूडमध्ये. सेक्रेटरी बाईंनी पहिलाच विषय घेतला. मागच्या सभेचे मिनिट्स खरे आणि बरोबर आहेत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. शाळेतल्या बाई एखाद्या चांगल्या मुलाकडे बघतात तसं. एकदा बोललास ना, झालं आता, असं. हात वर गेले. एकामागून एक, सगळ्या खोलीभर. दुरुस्तीचं वाक्य मी लिहून खिशात ठेवलेलं होतं.

मी हात वर केला.

माझ्या शेजारी बायकोचे दोन्ही हात मांडीवर होते. सेक्रेटरी बाईंनी तिकडे पाहिलं न पाहिलंसं केलं, "सर्वानुमते" असं लिहिलं आणि पुढचा विषय घेतला.

गाडीत बसल्यावर तिनं विचारलं, "कॉपी नेऊन देणार आहेस त्यांना?"

"हीच कॉपी?"

"हीच आहे ना तुझ्याकडे."

मी बघू म्हणालो. गेलो नाही. पुढच्या वर्षी आम्ही मुलीजवळ, रीडिंग शहरात राहायला गेलो. शेजाऱ्यांचा पत्ता माझ्याकडे होता, फोनही होता. त्यांनी कधी फोन केला नाही, मीही नाही. त्यांच्या पुतणीचं कार्ड आलं, ते गेल्याचं. त्यात तिनं लिहिलं होतं की काका तुमच्याबद्दल चांगलं बोलायचे. काय बोलायचे ते लिहिलं नव्हतं.

मिनिट्सची ती कॉपी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती खरी आणि बरोबर नाही.